सफरीतल्या गमती : पूर्ण, अर्धं आणि शून्य



या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची एक खोड ठाऊक आहे. एसटीत बसलं की लोक डोळे मिटतात, आम्ही उघडे ठेवतो. रस्त्यात काही विचित्र दिसलं की वहीत टिपायचं आणि महिनाअखेर तुमच्यापुढे मांडायचं, हा आमचा उद्योग. बेगम म्हणतात, "लोक प्रवासातून मिठाई आणतात, तुम्ही दुकानांच्या पाट्या घेऊन येता." यावेळी मात्र प्रवासात बेगम स्वतः होत्या, आमची खाला होती, आणि चौथी प्रवासी होती एक देग.

त्याचं असं झालं. खाला मूळची माळशिरसची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन महिने आमच्याकडे सोलापुरात येऊन राहिली होती. तिच्या नातीचा निकाह ठरला आणि खालानं जाहीर केलं, की निकाहाचं जेवण शिजेल तर नानीच्या तांब्याच्या देगेतच. ही देग आमच्या माळ्यावर उलटी पडून होती. ती खाली काढली, कल्हई करून आणली, बेगमच्या एका जुन्या फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळली आणि आम्ही स्टँडवर गेलो. शंभर माणसांचं जेवण जिच्यात शिजतं, ती देग एसटीच्या दारातून आत जाताना काय तमाशा झाला, ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की मागून ढकलणाऱ्यांत ड्रायव्हरही होता.

पंढरपूरच्या पुढे कंडक्टर तिकिटं काढत आमच्यापाशी आला.

"किती मानसं?"

"तीन."

त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि मशीनवर पूर्ण तिकीट मारलं. बेगमकडे पाहून अर्धं मारलं. मग खालाला म्हणाला, "आजी, आधार कार्ड दावा." कार्ड पाहून म्हणाला, "तुमचं फुकट."

तुम्हाला माहीतच आहे, २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पण खालाला हे पटलं नाही. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "मेरे कू गिनेच नै क्या?"

कंडक्टर समजूतदार होता. "मोजलं की आजी. हे बघा, शून्य रुपयाचं तिकीट." त्यानं कागद फाडून तिच्या हातात दिला. खालानं तो घडी करून बटव्यात ठेवला, तेव्हा कुठे तिची समजूत पटली.

मग कंडक्टरनं चादरीत गुंडाळलेल्या देगेकडे बोट केलं. "आन् ह्या कोन?"

"देग आहे."

"मग लगेज लागंल."

तर हिशेब असा झाला : आम्ही पूर्ण, बेगम अर्ध्या, खाला शून्य आणि देगेचं वेगळं. १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून या गाडीनं कितीतरी गोष्टी वाहिल्या असतील, पण नवरा सर्वांत महाग ठरतो असं ठिकाण आमच्या माहितीत हे एकच आहे. घरात हा मान मिळत नाही. आम्ही तसं बोलून दाखवलं. बेगम खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

मधल्या वाटेत देग ठेवल्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्यांची पंचाईत होत होती. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका बाईनं आपलं रडणारं पोर उचलून देगेत बसवलं. पोर गप्प झालं. आतून हात आपटून वाजवायला लागलं. सगळी गाडी हसली.

आता खिडकीबाहेरचं सांगतो. पंढरपूरकडून माळशिरसकडे निघालं की भंडीशेगाव लागतं, मग तोंडले-बोंडले, मग वेळापूर. 'तोंडले-बोंडले' ही पाटी वाचून खालानं दर वेळी विचारायचं, की हे गाव आहे की भाजीवाल्याची आरोळी, हा आमच्या घराण्याचा जुना विनोद. रस्ता आता पालखी महामार्ग म्हणून चौपदरी झाला आहे. त्यावरून एक मोटारसायकल आमच्याबरोबर बराच वेळ चालली. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, मध्ये शेळी. शेळीच्या कानांना वारा लागू नये म्हणून तिला मफलर बांधलेला, दोघं बोडके. एका टपरीवर पाटी होती : 'चहा, वडापाव, झेरॉक्स, पंक्चर'. एका सलूनच्या दारावर लिहिलं होतं, की दाढी चालू असताना राजकारण बोलू नये. ही सूचना आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटली.

वेळापूरच्या अलीकडे एक भलामोठा फ्लेक्स दिसला. वाढदिवस होता, आणि तो एका बैलाचा. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून शर्यतीच्या बैलांचा मान फार वाढला आहे. फ्लेक्सवर मध्यभागी हार घातलेला बैल आणि खाली शुभेच्छुक म्हणून अठरा तरुण. अठराही जणांच्या डोळ्यांवर गॉगल. गॉगलवाचून फक्त बैल होता, आणि फोटोत सर्वांत गंभीरही तोच दिसत होता.

आम्ही हसलो, पण जरा जपून. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मोहल्ल्यातलं कुणी उमऱ्याला निघालं की चौकात फ्लेक्स लागतो. वर विमान, मध्ये हाजीसाहेब, खाली मुबारकबाद देणाऱ्यांचे फोटो आणि मोबाईल नंबर. इबादत एकाची, प्रसिद्धी अठरांची. बैलाला निदान फ्लेक्स लागल्याचं कळत तरी नाही.

या तालुक्याची आणखी एक गंमत आहे. तहसील माळशिरसला, पण बाजार, कॉलेजं आणि एसटीचं आगार अकलूजला. एवढं मोठं अकलूज, पण अगदी अलीकडेपर्यंत तिथे ग्रामपंचायतच होती. नीरेच्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे ऊसच ऊस, आणि जिथे पोचत नाही तिथे माळरान. खालानं लहानपणी पाहिलेलं माळशिरस जास्त करून दुसऱ्या प्रकारचं. ती सांगत होती, की आषाढात माउलींची पालखी यायची तेव्हा तिचे अब्बा दारात पाण्याचे रांजण भरून ठेवायचे आणि पोरांना तांब्या घेऊन उभं करायचे. खुडूसच्या गोल रिंगणातला बिनस्वाराचा घोडा तिनं खांद्यावर बसून पाहिला होता. "घोडे पे कोई नै, और घोडा सबके आगे," ती म्हणाली. लहानपणी तिला वाटलं होतं, स्वार वाटेत पडला असेल.

आमचा प्रवास ऐन गळिताच्या हंगामातला. या एका तालुक्यात यशवंतनगर, माळीनगर, श्रीपूर, सदाशिवनगर असे साखर कारखाने आहेत. माळीनगरचा तर सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी इथे येऊन १९३० च्या दशकात स्वतः उभा केलेला. त्यामुळे हंगामात रस्ता माणसांचा राहत नाही, उसाचा होतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर डोंगरासारखा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी असे कर्णे, की गाणं आधी ऐकू यावं आणि ट्रॅक्टर नंतर दिसावा. चढावर ट्रॉली मंदावली, की शाळा सुटलेली पोरं मागून पळत येऊन एकेक कांडं ओढतात. आम्हीही लहानपणी हेच केलेलं. वहीत लिहिलं नाही, कारण बेगम वाचतात.

खुडूसच्या अलीकडे आमची गाडी थांबली. पुढे एका ट्रॉलीचं टायर फुटून ऊस रस्ताभर पसरला होता. तासभर तरी लागेल, असं ड्रायव्हर म्हणाला. लोक उतरले. खाला उतरेना. "देग छोडके मैं नै उतरती." दोन तरुणांनी देग उचलून रस्त्याकडेच्या लिंबाखाली आणून ठेवली. आतलं पोर उतरायला तयार नव्हतं, म्हणून त्याच्यासकट. खाला शेजारी बसली, बेगम तिच्या शेजारी, आणि आम्ही वही काढली.

समोरच ऊसतोड कामगारांच्या टोळीच्या पाच-सहा कोप्या होत्या. बांबूच्या कमानी, वर पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद. एका कोपीवर मोबाईल चार्ज करायची लहानशी सौर पाटी, दारात लोंबकळणारा आरसा. एका कुटुंबाचं सामान ट्रॉलीत चढलेलं होतं : पाण्याचं निळं पिंप, त्यावर उलटी बाज, बाजेच्या चार पायांमध्ये कोंबड्यांची पाटी, आणि या सगळ्याच्या वर एक कुत्रं, गावच्या पाटलासारखं बसलेलं. आम्हाला फार मजा वाटली. लगेच टिपून घेतलं.

तेवढ्यात मागून खिदळण्याचा आवाज आला. चार-पाच पोरं उभी होती. पुढे दहा वर्षांची एक मुलगी, कमरेवर तान्हं. ती सगळी आमच्याकडे पाहून हसत होती. आणि हसू नये तर काय? रस्त्याकडेला फुलाफुलांच्या चादरीतली देग, देगेत पोर, शेजारी शून्य तिकिटाची म्हातारी, आणि एक माणूस कोंबड्यांकडे पाहून वहीत लिहितो आहे.

मुलीनं खालाला विचारलं, "आज्जे, ह्या भांड्यात बसून आलाव का?"

खाला इतकी हसली, की तिला ठसका लागला. मुलीनं तान्हं धाकट्या भावाकडे दिलं, धावत जाऊन निळ्या पिंपातून पाणी आणलं. मागोमाग तिची आई आली. हाताला फडकी गुंडाळलेली, डोक्याला टॉवेल, केसांत पाचटाचे तुकडे. येताना तिनं उसाची दोन कांडी तोडून आणली आणि सवयीनं साळून बेगमच्या हातात दिली. बेगमनी पिशवीतला चिवडा काढला. मग बायकांचं बोलणं सुरू झालं.

"कुठल्या तुम्ही?"

"बीडकडच्या."

"किती जण आहात?"

"आमचा येक कोयता. अन् जावंचा अर्धा."

बेगमना वाटलं, ती हत्यारांविषयी बोलते आहे. तिनं समजावून सांगितलं. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल त्याच हिशेबानं मिळते. मुकादम हंगामाआधी पैसे देतो आणि ते हंगामभर ऊस तोडून फेडायचे. दीर गावी आजारी, म्हणून जाऊ एकटीच आलेली. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता.

"आणि ही?" बेगमनी मुलीकडे पाहून विचारलं.

"ही? ही कशातच न्हाई. पोरं सांभाळती, भाकरी करती, पानी आनती."

खालाला ऐकू कमी येतं, पण हे आलं. ती हळूच म्हणाली, "इसकू बी गिनेच नै."

आमचं लिहिणं थांबलं. तासाभरापूर्वी याच शब्दांवर आम्ही हसलो होतो. पण खालाच्या शून्यात आणि या पोरीच्या शून्यात केवढं अंतर होतं. खालाचं शून्य म्हणजे सन्मान : तुमचं करून झालं, आता बसा, तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. या पोरीचं शून्य उलटं. तिच्याकडून सगळं घ्यायचं आणि कुठल्याच वहीत मांडायचं नाही. आई पहाटे अंधारात फडावर जाते, ती मागे ही आहे म्हणूनच. नवरा-बायको दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात असं म्हणतात. त्यातला काही भार हिच्याही अंगावर असणारच की.

मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घरात लहान पोरांनाही ठाऊक असते. पण ज्याला पैसे घाम येण्याआधीच दिले आणि त्या पैशांनीच बांधून टाकलं, त्याचं काय करायचं, हा विचार आमच्या मनात त्या लिंबाखाली पहिल्यांदा आला. हंगाम कमी चालला, आजारपण आलं, तर उचल फिटत नाही. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच मुकादमाकडे.

बेगमनी मुलीला विचारलं, "शाळेत जातेस?"

"चौथीत नाव हाय. दिवाळीपासनं गेले न्हाई." मग तिचं लक्ष पुन्हा देगेकडे गेलं. "आज्जे, ह्यात किती मानसं जेवत्यात?"

"सौ," खाला म्हणाली. "शंभर."

पोरीनं क्षणभर विचार केला. "म्हंजी पन्नास कोयतं."

कुणी हसलं नाही. तिनं हिशेब अचूक केला होता.

रस्ता मोकळा झाला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. देग चढवली. खालानं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आमच्याकडे बोट करून सांगितलं, "परवा हे परत जातील. तुझ्यासाठी ह्याच देगेतलं जेवण पाठवते." मुलीनं मान हलवली. अशी आश्वासनं तिनं आधीही ऐकली असावीत.

निकाह थाटात झाला, अलहम्दुलिल्लाह. देगेनं घराण्याची लाज राखली. पंगतीत आम्ही बैलाचा वाढदिवस आणि मफलरवाली शेळी सांगून लोकांना भरपूर हसवलं. खाला मात्र पहिली वाढणी होण्याआधीच एक मोठा डबा भरून बाजूला ठेवून आली होती. देग तिच्याकडेच राहिली, आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आम्ही दोघं परत निघालो. कंडक्टरला विनंती करून खुडूसजवळ उतरलो.

कोप्या नव्हत्या. लिंब होता, समोर ऊस तुटलेलं मोकळं रान होतं, काळ्या पडलेल्या तीन-तीन दगडांच्या चुली होत्या आणि एक तुटकी चप्पल. जवळच्या टपरीवाला म्हणाला, "फड संपला. काल राती गेली टोळी. माळीनगर का श्रीपूर, काय ठाव न्हाई." म्हणजे ते सामान चढवलेलं आम्ही पाहिलं होतं, हसून टिपूनही घेतलं होतं. ती लोकं निघण्याच्या तयारीत आहेत, एवढं मात्र आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

डब्याचं काय करायचं? टपरीवाल्यानं रस्त्यापलीकडची दुसरी टोळी दाखवली. आम्ही गेलो. मंडळी फडावरून नुकतीच परतली होती. किती जण आहात, विचारलं. "आठ कोयते," म्हणाले. बेगमनी डबा दिला, त्यांनी पातेल्यात काढून घेतला, डबा घासून परत केला. आम्ही पुढची गाडी धरली.

वाचकहो, दर महिन्याला या सदरात आम्ही हसवतो, पुढेही हसवू, इन्शाअल्लाह. पण यावेळी एक काम सांगतो. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबं सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत राहतात. हंगामात तुमच्या गावाबाहेर टोळी उतरली असेल. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही जवळच्या शाळेत बसता येतं आणि आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. गाव सोडून जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोयही आहे. काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या, त्यांतून मुलं शिकलीही. हे त्या आई-बापांना कुणी सांगितलेलं असतंच असं नाही. गावातल्या गुरुजींना सोबत घेऊन एक चक्कर मारा. त्या मुलीच्या तान्ह्या भावंडाला दिवसा कोण पाहील, हेही विचारा, कारण शाळेची खरी अडचण बहुधा तिथेच असते. आणि उन्हाळ्यात त्यांच्या बायका पाणी मागायला दारी आल्या, तर नळ दाखवा, अडवू नका.

घरी पोचलो तर खालाचा फोन आला.

"पोरगी मिली?"

आम्ही सांगितलं, की टोळी हलली होती, जेवण दुसऱ्या टोळीला दिलं.

"अच्छा किया. उनमें बच्चे कित्ते थे?"

आम्ही वही उघडली. तारीख होती, गावाचं नाव होतं, 'आठ कोयते' असं ठळक लिहिलेलं होतं. पोरं आम्ही मोजली नव्हती.